यादीतला रिकामा रकाना

ताई, नमस्कार.

माझा मुलगा मुलुंडच्या एका मराठी शाळेत चौथीत आहे. यंदा पालक-शिक्षक संघात वर्गप्रतिनिधी म्हणून माझं नाव आलं. आमच्याकडे दर जुलैत वर्गातल्या पालकांची यादी करून वाटायची पद्धत आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, आई-वडिलांची नावं, दोघांचे नंबर, पत्ता आणि अडीअडचणीला आणखी एका नातेवाइकाचा नंबर. वर्गात ४६ मुलं आहेत. यंदा सात घरांनी ‘पत्ता छापू नका’ म्हणून सांगितलं, दोघांनी फक्त आईचा नंबर दिला आणि एका मुलीची आई म्हणाली, ‘आमचं काहीच छापू नका.’ मी कारण विचारलं तर ती नुसती ‘प्लीज’ म्हणाली.

मी त्या मुलीच्या नावापुढे ‘माहिती देण्यास नकार’ असं लिहिलं आणि यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. मग बोलणी सुरू झाली. ‘आम्ही दिलेच ना नंबर, यांनाच काय अडचण?’, ‘लपवण्यासारखं आहे तरी काय?’ त्याच रात्री ती ग्रुपमधून बाहेर पडली.

चार दिवसांनी मला एका गृहस्थांचा फोन आला. ‘मी तिचा बाबा बोलतोय, नवीन पत्ता आणि नंबर हवाय.’ मी माझ्याकडे नाही म्हणून सांगितलं. पण त्यांनी वर्गातल्या आणखी एकीला फोन केला होता आणि तिने मागच्या वर्षीची यादी त्यांना पाठवून दिली. त्यात त्या मुलीच्या आजीचा पत्ता आणि नंबर होता, हे आता कळतंय. ही गोष्ट आम्हा दोघींपलीकडे कुणाला माहीत नाही.

माझं चुकलं का? आता यादी करायचीच नाही का? आणि एक लहानसा प्रश्न. माझ्या मुलाची आणि त्या मुलीची छान गट्टी आहे. पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे. तिला बोलवायचं तर कसं?

– एक पालक, मुलुंड

•

नमस्कार.

बाकीचं सगळं मागाहून. आधी एक काम करा, आणि ते आजच करा. त्या आईला सांगा की यादी बाहेर गेली आहे.

ग्रुपवर नको आणि तिसऱ्या कुणाच्या हाती निरोपही नको. शाळा सुटताना गेटवर भेटली तर थोडं बाजूला घेऊन बोला. नाही भेटली तर वर्गशिक्षिकांना गाठा आणि ‘तिला मला फोन करायला सांगा, आजच्या आज’ एवढंच म्हणा. बोलताना फार प्रस्तावना करू नका. ‘तुमच्या मुलीचे बाबा म्हणून एका गृहस्थांचा फोन आला होता. मी काही दिलं नाही. पण मागच्या वर्षीची यादी त्यांच्याकडे गेली आहे आणि तिच्यात तुमच्या आईचा पत्ता आणि नंबर आहे. यादीत मी तुमच्या नावापुढे जे लिहिलं, ते लिहायला नको होतं. माझं चुकलं.’ इतकं सांगून थांबा. ‘नक्की काय झालंय?’ असं विचारू नका. तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल. तुम्ही तिला माहिती द्यायला गेला आहात, तिच्याकडून घ्यायला गेलेला नाहीत, हे तिला तुमच्या वागण्यातून कळू द्या.

हे ऐकून ती तुमच्यावर चिडेल, कदाचित रडेल. ऐकून घ्या. ही बातमी तिला उशिरा मिळते आहे आणि मधल्या दिवसांचं मोल काय आहे, ते फक्त तिलाच ठाऊक आहे. आजीला सावध करायचं, काही दिवस दुसरीकडे राहायचं, वकिलांशी बोलायचं की यातलं काहीच करायचं नाही, हे ती ठरवेल. पण ठरवायला तिला कळायला तर हवं.

त्यानंतर मुख्याध्यापिकांना भेटा. त्यांना दोनच गोष्टी सांगा: अमुक यादी बाहेर गेली आहे, आणि त्या मुलीला शाळेतून कोण नेऊ शकतं याची नोंद तिच्या आईला विचारून ताजी करून घ्या. व्हॅनवाल्या काकांपर्यंतही ती पोचली पाहिजे. शाळेचं गेट आणि व्हॅनचं दार, मूल दुसऱ्याच्या हाती जाण्याच्या या दोनच जागा असतात. आईच्या बोलण्यातून भीती जाणवली तर ११२ हा पोलिसांचा, १८१ हा महिलांचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा नंबर तिला द्या आणि हवं असेल तर सोबत जा.

त्या गृहस्थांबद्दल मी वाईट काही म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. ते मुलीला भेटायला आसुसलेले साधेसरळ बाबा असू शकतात. तसे असतील तर त्यांच्यासाठी शाळा आहे, वांद्र्याचं कुटुंब न्यायालय आहे, मुलीला भेटण्याचा हक्क मागायची रीतसर वाट आहे. आणि तसे नसतील तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे न्यायाधीश एखाद्याला फोनवरूनसुद्धा संपर्क साधायला मनाई करू शकतात, मुलाच्या शाळेत पाऊल टाकायला मनाई करू शकतात. असा आदेश एखाद्या बाईने वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेला असतो आणि तो आपल्या एका ‘फॉरवर्ड’ने निकामी होतो. या दोन्हींतलं खरं काय, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून आपण पत्ता देत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, तुमचं चुकलं. तुम्ही मनाने वाईट नाही, नाहीतर मला पत्र लिहिलंच नसतं. पण चूक नेमकी कुठे झाली, ते नीट बघू या. तुम्ही तिचा नंबर छापला नाहीत, म्हणजे तिचं म्हणणं पाळलंत असं तुम्हाला वाटलं. प्रत्यक्षात ४५ भरलेल्या ओळींमध्ये एक ओळ रिकामी ठेवून तिच्यात ‘नकार’ लिहिलात. नंबर छापला असता तर तो ४६ नंबरांमधला एक असता, कुणी वळून पाहिलं नसतं. त्या तीन शब्दांनी मात्र सगळ्या वर्गाला सांगितलं की या घरात काहीतरी आहे. जे झाकायचं होतं त्याच्याकडेच बोट दाखवलं गेलं. पुढची सगळी बोलणी त्या तीन शब्दांमधून निघाली.

आणि कारण विचारणं, तेही नको होतं. मी ३१ वर्षं मुंबईत प्राथमिकच्या वर्गांवर शिकवलं. ‘आमचा नंबर देऊ नका’ म्हणणारे पालक दरवर्षी भेटायचे. सुरुवातीला मीही विचारायचे, आपलेपणाने विचारायचे. पुढे कधीतरी कळलेली कारणं सांगते, म्हणजे विचारणं का सोडलं ते लक्षात येईल.

एका आईचा फोन तिचा नव्हताच. ज्यांच्याकडे ती कामाला जायची त्या बाईंचा जुना फोन होता आणि त्यावर शाळेतून कुणाचे फोन आले की तिला बोलणी खावी लागायची. एक वडील पोलीस खात्यात होते, घरचा पत्ता कुठेच देत नसत. एका मुलाला आजोबा सांभाळत होते. आई-वडिलांच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्नच त्या म्हाताऱ्या माणसाच्या घशात आवंढा आणायचा. एका आईची कायम रात्रपाळी असायची, दिवसा झोपमोड नको एवढंच तिचं मागणं होतं. एका घरावर कर्ज होतं आणि वसुलीवाले ओळखीपाळखीच्यांना फोन करत सुटले होते. आणि एकीला काहीच कारण नव्हतं. तिला नंबर द्यायचा नव्हता, बस.

ही शेवटची बाई मला फार महत्त्वाची वाटते. तिचा नकारही तितकाच चालला पाहिजे. कारण पटलं तरच नकार मान्य करू, असं आपण ठरवलं की ज्यांचं कारण सर्वांत नाजूक असतं त्यांनाच ते चारचौघांत उघड करावं लागतं. तुमच्या त्या आईने ‘प्लीज’ म्हटलं. त्या एका शब्दावर थांबायला हवं होतं.

ग्रुपवर ज्यांनी विचारलं, ‘लपवण्यासारखं काय आहे?’, त्यांना माझ्या वतीने सांगा की घराला दार असतं, ते लावून घेणाऱ्याला आपण असा प्रश्न विचारत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला लढवायला उभे राहिलेले न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काय होतं, असं कुणी विचारत नाही.

पत्त्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण मुंबईत हा रकाना सगळ्यांत जास्त बोलतो. सात घरांनी पत्ता नको म्हटलं, त्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसतं. मला वाटलं नाही. आपल्या शहरात पत्ता म्हणजे नुसती जागा नसते. टॉवरचं नाव, चाळीचा नंबर, नगराचं नाव, ‘संक्रमण शिबिर’ हा शब्द, एवढ्यावरून माणसं एकमेकांची पायरी ठरवतात. चौथीतली मुलंही ठरवायला लागलेली असतात. शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांवर जिथे मुलं येतात, तिथे तर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वर्गात एका बाकावर बसणारी, एकाच डब्यातलं खाणारी मुलं, आणि यादी वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी एकजण दुसऱ्याला म्हणतो, ‘तू तिकडे राहतोस? नाल्याकडे?’ हे तो यादीतून शिकला नाही, घरी यादी वाचताना जे बोललं गेलं त्यातून शिकला. वर्गाच्या यादीत पत्ता कशाला हवा? मी पुष्कळ विचार केला, मला एकही कारण सापडलं नाही. ज्याच्या घरी जायचं त्याला विचारून जावं.

जन्मतारीख आणि रक्तगटही तिथून काढा. रक्तगट शाळेच्या नोंदीत असावा, ओळखपत्रावर असावा. तो ४५ घरांच्या फ्रिजवर लावून कुणाच्या उपयोगी पडणार? जन्मतारखेचंही तसंच. वाढदिवसाला शुभेच्छा द्यायच्या तर दिवस आणि महिना पुरतो, तोही विचारून. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता आणि वडिलांचा नंबर एका ओळीत मिळाला की शिष्यवृत्तीच्या क्लासवाल्यांपासून फसवणूक करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची सोय होते. ‘तुमच्या अमुकला शाळेत लागलंय, लगेच पैसे पाठवा,’ असा फोन आला आणि त्यात मुलाचं नाव बरोबर असलं, तर कोणती आई शांत राहील?

तुम्ही यादी कशी करता ते पत्रात लिहिलेलं नाही, पण ऑफिसमधून तयार एक्सेल मिळत असेल तर ती घेऊच नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात असते, जन्मस्थळ असतं. ऑफिसच्या फाइलमध्ये आधार क्रमांकही असू शकतो. कुणीतरी ते रकाने ‘हाइड’ करून फाइल पाठवतं आणि मिळणारा एका क्लिकवर उघडून पाहतो. रकाना लपवला म्हणजे पुसला गेला असं नाही.

आता, यादी करायचीच नाही का? करा. जरूर करा. याबाबत माझं मत पक्कं आहे आणि त्याला एक दिवस कारणीभूत आहे.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका शाळेत होते. दुपारनंतर रस्त्यांच्या नद्या झाल्या, लोकल बंद पडल्या, मोबाईल लागेनात. आमच्याकडे त्या रात्री पन्नासेक मुलं राहिली. शाळेच्या कपाटात एक जाड वही होती, त्यात प्रत्येक मुलाचे तीन नंबर. घरचा, कामाच्या ठिकाणचा आणि शेजारचा. आमची लँडलाइन अधूनमधून चालत होती. दोघी शिक्षिका आळीपाळीने ती वही घेऊन बसल्या आणि जो नंबर लागेल तो लावत राहिल्या. ‘तुमचा मुलगा इथे आहे, जेवलाय, झोपलाय.’ समोरून येणारा तो श्वास मला अजून आठवतो. रात्री एक वाजता एका शेजारीणबाईंनी निरोप ऐकला आणि मेणबत्ती घेऊन चार दारं सोडून असलेल्या आईला उठवायला गेल्या.

म्हणून सांगते, नंबर असण्याची किंमत मला कळते. पण ती वही शाळेच्या कपाटात होती आणि रोज कुलूपबंद असायची. ती पूर्ण होती, कारण पालकांना खात्री होती की ती तिथून हलणार नाही. तुमच्याकडे दोन वेगळ्या याद्यांची सरमिसळ झाली आहे. संकटाच्या वेळची यादी शाळेची. तिच्यात प्रत्येक मुलाचे नंबर असलेच पाहिजेत आणि ती मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टर यांच्यापलीकडे जाता कामा नये. आजीचा नंबर हा त्या यादीतला होता. अडीअडचणीसाठी दिलेला नंबर ओळखीपाळखीच्या यादीत छापला गेला, तिथेच मागच्या वर्षी घोटाळा झाला. तुमची यादी वेगळी. ती अभ्यास विचारायला, डबा राहिला तर कळवायला, वाढदिवसाला बोलवायला आहे. ती ४६ घरांची नसली तरी काहीच अडत नाही. तीस घरांची असेल, वीस घरांची असेल.

पूर्वी लग्नपत्रिकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहायचे, आठवतं? तुमच्या आई-वडिलांना नक्की आठवेल. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला. गिरगावात आमच्या अख्ख्या मजल्याला एक फोन होता. शेजारच्या काकांना आधी विचारल्याशिवाय माझे वडील तो नंबर कुणालाही देत नसत. ‘त्यांच्या घरी घंटा वाजणार आहे,’ म्हणायचे. नंबर कुणाच्या तरी घरात वाजतो, एवढी साधी जाण तेव्हा होती, कारण वाजणारा फोन भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

तर यादी नव्याने कशी करायची ते सांगते.

मागची यादी समोर ठेवून ‘काही बदल असेल तर कळवा’ असं करू नका. ज्याने उत्तर दिलं नाही त्याचा होकार धरला जातो आणि ज्याला नको आहे त्याच्यावर पुन्हा ‘नको’ म्हणायची वेळ येते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने शाळांना डिरेक्टरीतली माहिती देता येते, मात्र आधी पालकांना ‘आमची देऊ नका’ म्हणायची संधी द्यावी लागते. म्हणजे गप्प राहणाऱ्याची माहिती जाते. मला ते अपुरं वाटतं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातली संमतीची व्याख्या मला जास्त पटते. मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते कळून दिलेली, कोणतीही अट न घालता घेतलेली आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी संमती. दिली तितक्याच सहज परत घेता येणारी. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बरीचशी बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमची वर्गाची यादी त्यात नेमकी कुठे बसते, हा खल वकिलांना करू द्या. माप चांगलं आहे, ते आपण उसनं घेऊ.

एक कागद करा. वहीच्या पानाएवढा पुरे. वर लिहा: ‘ही यादी वर्गातल्या पालकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून आहे. यादीत असणं ऐच्छिक आहे. जे द्यायचं असेल तेवढंच भरा. काहीच द्यायचं नसेल तर कागद कोराच परत करा, कुणी कारण विचारणार नाही. नंतर कधीही नाव काढता येईल.’ खाली मुलाचं नाव, आणि मग प्रत्येक मोठ्या माणसाची स्वतंत्र ओळ. आईचा नंबर आईने भरायचा, वडिलांचा वडिलांनी, आजी सांभाळत असेल तर आजीने. एकाने दुसऱ्याच्या वतीने होकार द्यायचा नाही. दोन घरांत वाढणारी मुलं हल्ली प्रत्येक वर्गात असतात, तिथे हे विशेष सांभाळा.

कागद सगळ्यांनी परत करायचा, कोरा असला तरी, आणि तो दुमडून. म्हणजे गोळा करताना कुणाचा भरलेला, कुणाचा कोरा, ते मुलांना दिसत नाही. मुलं बघतात. ‘तुझ्या आईने का नाही लिहिलं?’ हा प्रश्न त्या लहान मुलीपर्यंत जाता कामा नये.

यादी छापताना हजेरी क्रमांक टाकू नका. पंधरानंतर एकदम सतरा आला की सोळावं कोण, ते वर्गातलं प्रत्येक पोर सांगतं. मुलांच्या पहिल्या नावाने लावा, ज्यांनी भरलं त्यांचीच नावं घ्या, खाली ‘एवढेच पालक’ किंवा ‘बाकीचे’ असलं काही लिहू नका. एक ओळ मात्र जरूर टाका: ‘कोणत्याही मुलाच्या घरी निरोप द्यायचा असल्यास वर्गप्रतिनिधींकडे द्या.’ त्याने यादीत नसलेली मुलं निरोपावाचून राहत नाहीत.

आणि मग निरोप पोचवताना एक पद्धत कायम ठेवा. कुणी तुमच्याकडे दुसऱ्याचा नंबर मागितला, तर नंबर द्यायचा नाही, मागणाऱ्याचा घ्यायचा. ‘मी तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचवते, त्या फोन करतील.’ नातेवाईक म्हणा, क्लासवाले म्हणा, वर्गातल्या आई म्हणा, सगळ्यांना हेच. एकदा सवय झाली की कुणाला नाही म्हणावं लागत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

व्हॉट्सॲपचा ग्रुप ही तर उघडी यादीच आहे, हे आपल्या ध्यानातच येत नाही. ग्रुपमध्ये घेतलं की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तुमच्या त्या आईने यादीत नाव नको म्हणून सांगितलं, पण तोवर तिचा नंबर ४५ घरांत होताच. न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये घेऊ नका. शाळेच्या सूचनांसाठी ‘कम्युनिटी’चा घोषणांचा ग्रुप वापरता येतो, त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, चालवणाऱ्यांना दिसतात. ‘ब्रॉडकास्ट’ यादीही चालते, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे सांगून ठेवा. आणि ज्या आईकडे व्हॉट्सॲप नाही किंवा नकोय, तिच्या मुलीच्या दैनंदिनीत सूचना लिहून जाऊ दे. गृहपाठ काय आहे हे कळण्यासाठी कुणाला आपला नंबर मोजावा लागू नये.

जुन्या याद्यांचं काय? ग्रुपवरून ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला साधारण दोन दिवसांचीच मुदत असते, ती तुमच्या यादीची टळून गेली. लोकांच्या फोनमध्ये फाइल उतरलेली असणार ती असणारच. तरी ग्रुपवर लिहा: ‘यंदाची आणि मागची यादी कृपया फोनमधून काढून टाका. चूक माझी होती, नवी यादी पालकांना विचारून करत आहे.’ त्या आईचा उल्लेख नको, ‘काही पालकांच्या तक्रारीवरून’ असंही नको. छापील प्रती असतील तर परत मागून घ्या आणि फाडून टाका. रद्दीत अख्ख्या देऊ नका. चौपाटीवर भेळ खाऊन झाल्यावर पुडीच्या कागदावर मी दहावीच्या एका तुकडीची नावं आणि फोन नंबर वाचले आहेत.

ज्या आईने मागची यादी पाठवली, तिला एकांतात भेटा. समोरून एक बाबा बोलतोय, मुलीसाठी कळवळून बोलतोय, तिला दया आली. तिच्या जागी अनेकींनी तेच केलं असतं. तिला दोष देत बसू नका, पण त्या गृहस्थांना नेमकं काय गेलं, कधी गेलं, त्यांचा नंबर कोणता, हे तिच्याकडून लिहून घ्या आणि मुलीच्या आईला द्या. मेसेज पुसून टाकू नका म्हणावं, तिला पुढे लागू शकतो.

तुम्ही प्रतिनिधीचं काम सोडायचा विचार करत असाल, तसं पत्राच्या सुरावरून वाटतं, तर नका सोडू. त्या गृहस्थांना तुम्ही ‘माझ्याकडे नाही’ म्हणालात. ते कुणी शिकवलेलं नव्हतं, तुम्हाला आतून वाटलं म्हणून म्हणालात. ज्या बाईला तसं वाटतं तिच्याकडेच ही यादी असावी.

राहिला वाढदिवस. तिचा नंबर शोधू नका, वर्गशिक्षिकांकडेही मागू नका. मुलाला एक कागद द्या, त्याच्या हातानेच आमंत्रण लिहू दे, रंगीत खडूने केक काढायचा असेल तर काढू दे. शुद्धलेखन तपासू नका. खाली वार, वेळ, तुमचा पत्ता लिहा आणि तुमचा नंबर लिहा. त्याखाली, मोठ्या माणसांसाठी, छोट्या अक्षरात: ‘घरचीच माणसं आणि वर्गातली पाच-सहा मुलं आहेत. फोटो कुठेही टाकणार नाही. तुम्ही सोबत थांबलात तर आनंदच आहे.’ कागद दुमडून त्याला त्या मुलीच्या हातात देऊ दे, ती दप्तरात ठेवील. फोन आला तर दोन डबे जास्त करा. नाही आला, तर दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी केकचा तुकडा त्याच्या डब्यातून पाठवा.